संकटाच्या गोष्टी आणि आपली वाढत्या वयाची मुले

(वाचन प्रेरणा दिनाच्या निमित्ताने बेंबळी येथे भरलेल्या प्राथमिक शिक्षकांच्या सभेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन, म्हणजे १५ ऑक्टोबर, हा २०१५ पासून आपण वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतो. ह्या दिवशी वाचनाची थोरवी सांगणारी भाषणे गावोगाव होतात. ती ऐकून एखाद्या मुलाने पुस्तक उघडले, असा अनुभव मला तरी फारसा आलेला नाही. म्हणून आज वाचनाची महती न गाता एका विशिष्ट प्रकारच्या पुस्तकांविषयी बोलण्याचे योजिले आहे. सहावीपासून पुढची मुले जी पुस्तके आपण होऊन मागतात, एकमेकांच्या दप्तरांतून फिरवतात, आणि जी पाहून आपल्यापैकी अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात, अशी ही पुस्तके आहेत. निर्जन बेटावर अडकलेली मुले, पाणी आटलेले जग, जुलमी राज्यात सापडलेली एखादी मुलगी, महापूर, हिमप्रलय, उद्ध्वस्त झालेली शहरे हे त्यांचे विषय होत.

काही महिन्यांपूर्वी एका शाळेच्या भेटीत मी ग्रंथपेटी उघडून पाहिली. तळाशी सुतळीने बांधलेला एक गठ्ठा होता आणि वर चिठ्ठी होती, ‘देऊ नयेत’. गठ्ठ्यात सात-आठ पुस्तके होती, आणि ती सगळी ह्याच जातीची. विचारणा केली तेव्हा मुख्याध्यापकांनी सांगितले की, सातवीतल्या एका मुलीचे वडील तक्रार घेऊन आले होते. मुलगी रात्री उठून बसते आणि विचारते, ‘पाणी संपलं तर आपण कुठं जायचं?’ वडिलांचे म्हणणे असे की, हे पुस्तकाने तिच्या डोक्यात भरविले. मुख्याध्यापकांचे म्हणणे त्याहून मृदू होते. मुले घरी पुष्कळ सोसतात, शाळेत तरी त्यांच्या वाट्याला आनंदाचेच यावे, असे ते म्हणाले. हे बोलणे तळमळीचे होते, आणि म्हणूनच त्याचे उत्तर हुकमाने नव्हे, विचाराने द्यावयास हवे.

पहिली गोष्ट ही की, ‘पाणी संपले तर’ हा प्रश्न त्या मुलीला पुस्तकाने शिकविला, असे मानण्याचे कारण नाही. आपण राहतो कोठे, याचा जरा विचार करा. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून आणि सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसे आजही आपल्या ओसरीवर बसलेली आहेत. शेजारच्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले, तेव्हा लोक ती गाडी पाहावयास जमले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपतीचे विसर्जन करून लोक गाढ झोपेत असताना, किल्लारी आणि सास्तूर परिसरातील गावेच्या गावे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. सास्तूर आपल्याच जिल्ह्यातले, आज लोहारा तालुक्यातले. त्या आपत्तीनंतर भूकंपग्रस्त कुटुंबांतील सुमारे १२०० मुलांना श्री. शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्यास नेले. ती मुले आज चाळिशी ओलांडून गेली आहेत, आणि त्यांची मुले कोठल्या तरी वर्गात बसत असतील. याशिवाय दसरा-दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीला निघाले की, हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ मागे राहणारी मुले आपल्या प्रत्येकाच्या हजेरीपटावर आहेत. आणि २०२० साली तर शाळेलाच कुलूप लागलेले सर्व मुलांनी पाहिले.

तेव्हा संकट वर्गात आधीच येऊन बसलेले आहे. प्रश्न एवढाच की, त्याच्याविषयी बोलण्यास मुलांपाशी शब्द आहेत की नाहीत.

दुसरी गोष्ट आपल्या परंपरेची. लहानांना कठोर गोष्टी सांगू नयेत हे मत मोठे शहाणपणाचे वाटते, परंतु आपल्या आजीपणजींना ते मान्य झाले नसते. आपल्या धाराशिव तालुक्यातील तेर हे गोरोबाकाकांचे गाव. विठ्ठलाच्या नामात रंगून चिखल तुडविताना पोटचे मूल पायाखाली गेले, ही कथा आपण कोणत्या वयात ऐकली? शिवलीलामृतातील श्रियाळ-चांगुणेची आणि चिलया बाळाची कथा ऐकून आजही बाया डोळे पुसतात, आणि त्यांच्या मांडीवर मुले बसलेली असतात. दुर्गादेवीच्या दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी अंबारे लुटविली, ही कथा भुकेची आहे आणि सत्तेचीही. उपाशी रयतेला धान्य देणे हा जेथे अपराध ठरतो, अशा राज्यात भल्या माणसाने काय करावे, हा प्रश्न तिच्यात आहे. लाक्षागृह तर सांगावयासच नको. भेद आहे तो एवढाच की, ह्या कथा आपण कीर्तनात, चार माणसांत, कोणाच्या तरी कुशीत बसून ऐकल्या. आजचे मूल तशीच कथा एकटे वाचते, किंवा मोबाईलवर अर्धीमुर्धी पाहते. भीतीपेक्षा हे एकटेपण मला अधिक काळजीचे वाटते.

म्हणून त्या मुख्याध्यापकांना मी सुचविले की, गठ्ठा सोडण्यापूर्वी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत त्यांतील दोनचार पाने मोठ्याने वाचून दाखवावीत. त्यांनी तसे केले. वाचन संपल्यावर पहिल्याने बोलल्या त्या एका विद्यार्थ्याच्या आजी. बहात्तर साली आपण अकरा वर्षांच्या होतो, पाझर तलावाच्या कामावर आईबरोबर पाट्या उचलल्या, मिलोच्या भाकरीची चव अजून जिभेवरून गेलेली नाही, हे सारे त्यांनी भर सभेत सांगितले, आणि त्यांचा नातू ते प्रथमच ऐकत होता. सर्वांचे मत पालटले असे मात्र नाही. एका पालकांनी आपल्या मुलीस अशी पुस्तके नकोतच असे ठामपणे सांगितले, आणि मुख्याध्यापकांनी ते मान्य केले. मलाही ते योग्य वाटले. आपल्या मुलाविषयी पालकाचा शब्द मानावा, परंतु त्या एका शब्दाने सर्व वर्गाची पुस्तके बांधून ठेवू नयेत.

आता ह्या पुस्तकांच्या स्वरूपाविषयी. ह्यांत दोन जाती आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. एक आहे तगून राहण्याची कथा. तीत शत्रू म्हणजे भूक, तहान, थंडी, समुद्र, अरण्य. दुसरी आहे बिघडलेल्या राज्याची कथा, जिला इंग्रजीत डिस्टोपिया म्हणतात. तीत शत्रू म्हणजे माणसांनीच केलेले नियम. पहिलीत मूल निसर्गाशी झुंजते, दुसरीत व्यवस्थेशी.

तगण्याच्या कथांचा मूळपुरुष म्हणजे डॅनियल डिफोचा रॉबिन्सन क्रूसो, १७१९ सालचा. मुलांना त्यात काय आवडते हे पाहण्यासारखे आहे. वादळ आवडते हे खरेच. परंतु त्याहून अधिक आवडते ती यादी. फुटलेल्या गलबतावरून त्याने काय काय आणले, धान्य किती, हत्यारे कोणती, दिवस मोजण्यासाठी खांबावर खुणा कशा केल्या, हे सर्व मुले बोटावर मोजत वाचतात. भाषेच्या तासाला जी मुले मागे बसतात तीही येथे पुढे सरकतात, कारण हा हिशेब त्यांच्या ओळखीचा असतो. घरात पीठ किती उरले आहे हे ज्याला ठाऊक असते, त्याला क्रूसो लवकर समजतो.

पुढे ज्यूल व्हर्नने १८८८ साली एका कादंबरीत ऑकलंडच्या शाळेतील मुले ओसाड बेटावर नेऊन टाकली. कादंबरीचे नाव ‘दोन वर्षांची सुट्टी’ अशा अर्थाचे आहे. ही मुले गुहेत घर करतात, मतदानाने आपला प्रमुख निवडतात, आणि गंमत अशी की, बेटावरही अभ्यासाचे वेळापत्रक लावतात. शिक्षकांना हे पुस्तक प्रिय व्हावे यात नवल नाही! १९५४ साली विल्यम गोल्डिंग ह्या इंग्रज लेखकाने तशीच मुले तशाच बेटावर नेली, आणि चित्र पार उलटे काढले. गोल्डिंग स्वतः शाळामास्तर होते, मुलांचे भांडण त्यांनी रोज पाहिले होते, आणि महायुद्धही आरमारात राहून पाहिले होते. त्यांच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ मध्ये मुले प्रारंभी शंख फुंकून सभा भरवितात, पुढे तोंडाला रंग फासून शिकार करू लागतात, आणि शेवटी एकमेकांच्या जिवावर उठतात. १९८३ साली गोल्डिंगना नोबेल पारितोषिक मिळाले.

पुस्तकांपलीकडे एक खरी घटनाही आहे, आणि ती मला ह्या दोन्हींपेक्षा अधिक मोलाची वाटते. १९६५ साली पॅसिफिक महासागरातील टोंगा बेटांवरच्या एका निवासी शाळेतील सहा मुले न विचारता एक नाव घेऊन समुद्रात गेली. वादळात शीड फाटले, सुकाणू मोडले, आणि आठवडाभर वाहत जाऊन ती अता नावाच्या निर्मनुष्य बेटाला लागली. तेथे ती सुमारे पंधरा महिने राहिली. सप्टेंबर १९६६ मध्ये पीटर वॉर्नर ह्या ऑस्ट्रेलियन नाविकाला ती सापडली, तेव्हा त्यांनी बाग केली होती, पावसाचे पाणी साठविण्यासाठी झाडाची खोडे पोखरली होती, पाळ्या लावून विस्तव जागता ठेवला होता. एकाचा पाय मोडला, तो इतरांनी काठ्या बांधून सांधला, आणि त्याच्या वाटचे काम वाटून घेतले. भांडणे होतच. तेव्हा भांडलेल्या दोघांनी बेटाच्या दोन टोकांना जायचे आणि राग निवल्यावर परत यायचे, असा त्यांचा रिवाज होता.

कोणी म्हणतात, यावरून गोल्डिंग खोटा ठरला. मला तसे वाटत नाही. सहा मित्र आणि एकमेकांस न ओळखणारी पंचवीस-तीस मुले यांत अंतर आहे, आणि आपण वर्गनायकाच्या निवडणुकीत दोन्ही प्रकार पाहतो. परंतु आठवीच्या वर्गात ह्या तिन्ही कथा थोडक्यात सांगून, ‘आपल्या वर्गाचे काय झाले असते?’ एवढेच विचारून पाहावे. पुढचा तास आपल्याला बोलावे लागत नाही.

मराठीत ही आवड रुजविण्याचे मोठे श्रेय भा. रा. भागवत यांना आहे. १९१० साली जन्मलेल्या ह्या लेखकाने व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या, ‘बालमित्र’ मासिक चालविले, आणि फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजेच फास्टर फेणे, निर्माण केला. फुरसुंगी तेव्हा खेडे होते, आज पुणे शहर तिथवर येऊन टेकले आहे, तो भाग निराळा. फेणे हा हाडकुळा, सायकलवर भिरभिरणारा, जिभेने ‘ट्टॉक्’ करणारा पोरगा. तो संकटातून सुटतो तो बळाने नव्हे, डोळे उघडे ठेवल्याने. आपल्या मुलांना अशा नायकाची गरज असते, कारण त्यांतली बरीचशी हाडकुळीच असतात.

दुसऱ्या जातीच्या, बिघडलेल्या राज्याच्या कथांकडे वळतो. ‘हंगर गेम्स’ हे नाव मुलांना बहुधा २०१२ सालच्या चित्रपटावरून ठाऊक असते. मूळ कादंबरी सुझॅन कॉलिन्स ह्या अमेरिकन लेखिकेची, २००८ सालची. त्यात एक राजधानी आहे आणि तिच्या अंकित बारा जिल्हे आहेत. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वर्षांचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून निवडतात, आणि त्या चोवीस जणांना शेवटचा एक उरेपर्यंत झुंजावयास लावून तो खेळ घरोघर दाखवितात. एवढे ऐकूनच आपल्याला शिसारी येते. परंतु ह्या कादंबरीत एक बारकावा आहे, तो शिक्षकांनी अवश्य लक्षात घ्यावा. गरीब घरच्या मुलाला, घरातल्या एका माणसाचे वर्षभराचे जेमतेम धान्य आणि तेल हवे असेल, तर त्या बदल्यात आपल्या नावाची एक अधिक चिठ्ठी घालावी लागते. नायिका कॅटनिस सोळा वर्षांची. बाप खाणीतल्या स्फोटात गेलेला, आई खचलेली, धाकटी बहीण पदराशी. तिच्या नावाच्या वीस चिठ्ठ्या आहेत. म्हणजे चिठ्ठी आंधळी असते, परंतु ती आंधळेपणानेही गरिबालाच अधिक वेळा शोधते. स्वस्त धान्याच्या दुकानापुढे आईबरोबर रांगेत उभी राहिलेली आपली मुलगी हे वाचून काय समजेल, ते मी आपणांस सांगण्याची आवश्यकता नाही. अशी मुलगी ह्या पुस्तकाने बिघडेल, असे मी तरी मानीत नाही.

लोइस लाउरी यांची ‘द गिव्हर’ ही कादंबरी १९९३ सालची, म्हणजे आपल्या भूकंपाच्या वर्षीची. तिच्यातील गावात भूक नाही, भांडण नाही, दुःख नाही. रंगही नाहीत, डोंगर नाहीत, निवड करण्याची मोकळीक नाही. सगळ्या कटू आठवणी लोकांच्या मनातून काढून घेऊन त्या एकट्या माणसाजवळ ठेवलेल्या आहेत, आणि आता त्या बारा वर्षांच्या योनास नावाच्या मुलाकडे सोपवावयाच्या आहेत. इतर सर्व सुखात असतात, आणि युद्ध, वेदना, मृत्यू हे सर्व तो मुलगा एकटा वाहतो. हे पुस्तक वाचल्यापासून ‘देऊ नयेत’ ही चिठ्ठी मला निराळी दिसू लागली आहे. दुःखाच्या गोष्टी आपण वर्गातून काढून टाकल्या म्हणजे दुःख जात नाही. ज्या मुलाच्या घरात ते असते, त्याच्यापुरतेच ते उरते, आणि त्याचा योनास होतो.

आपल्याकडे असे काही नाही का, असे कोणी विचारील. आहे, परंतु त्यावर ‘किशोरांसाठी’ अशी मोहोर नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक आपल्याच व्यवसायातला. मिसरूड फुटू लागलेला मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा काढावयास जातो. मुले येत नाहीत, माणसे विश्वास ठेवीत नाहीत, हळूहळू जीव जडतो, तालीम उभी राहते. आणि मग पाऊस दगा देतो. मेंढरे मरतात, माणसे एकेक करून वाडी सोडून जातात, आणि शेवटी वाडीच उरत नाही. ह्यात कोणी खलपुरुष नाही, भविष्यकाळ नाही, यंत्रे नाहीत. तरीही जग संपणे म्हणजे काय, हे इतक्या थोड्या पानांत आणि इतक्या संथपणे सांगणारे दुसरे पुस्तक मला माहीत नाही. आठवी-नववीच्या मुलांना ते झेपते. त्यांतली काही पाने वाचताना मुले हसतातही, आणि हसावे अशीच ती आहेत. माडगूळकरांचीच ‘सत्तांतर’ ही छोटी कादंबरी, जिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, वानरांच्या टोळ्यांची आहे. नवा हुप्प्या आला की जुन्याच्या पिलांचे काय होते, हे तीत आहे. ती मात्र दहावीच्या पुढे द्यावी असे माझे मत आहे.

आणि आपल्याच कळंब तालुक्यात जन्मलेल्या भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा. बापाबरोबर टोमॅटो विकावयास बाजारात गेलेला शाळकरी मुलगा, कोसळलेला भाव, आणि अखेर बापाने आपलाच माल पायांखाली तुडविणे. आपल्यापैकी बहुतेकांनी ती वाचली आहे. तिला संकटकथा म्हणावयाचे किंवा नाही, याचा काथ्याकूट समीक्षकांनी करावा. आपल्या मुलांसाठी ती आहे, एवढे खरे.

ह्याच कथेवरून एका शिक्षिकाबाईंनी मला विचारले, ‘माझ्या वर्गात एक मुलगा आहे. त्याच्या वडिलांनी कर्जापायी जीव दिला. त्याच्यासमोर मी ही कथा वाचू का?’ ह्या प्रश्नाला सोपे उत्तर नाही, आणि परिपत्रकात मावेल असेही नाही. मी जे सांगितले ते येथे पुन्हा सांगते. कथा वाचण्याच्या आदल्या दिवशी त्या मुलाला एकट्याला बोलवावे. कथेत काय आहे ते साध्या शब्दांत सांगावे. वर्गात बसावयाचे की त्या तासाला वाचनालयाची पुस्तके लावावयाची, हे त्याने ठरवावे, आणि त्याने काहीही ठरविले तरी त्याची चर्चा होऊ नये. वाचताना त्याच्याकडे पाहू नये. ‘तुमच्या घरी असे कधी झाले आहे का?’ हा प्रश्न वर्गाला कधीही विचारू नये. प्रश्न कथेतल्या माणसांविषयी विचारावेत, म्हणजे ज्याला स्वतःविषयी बोलावयाचे आहे तो कथेच्या आडोशाने बोलू शकतो. नंतर तो आपण होऊन आला, तर हातातले काम बाजूला ठेवून ऐकावे. त्याची झोप किंवा जेवण तुटले आहे, तो गप्प गप्प राहतो, मरणाच्या गोष्टी बोलतो, असे दिसल्यास वाट पाहू नये. घरच्यांना भेटावे, आरोग्य पथकाला सांगावे. मुलांसाठी १०९८ हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे, आणि मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी १४४१६ हा टेलिमानसचा. दोन्ही क्रमांक फळ्याच्या कडेला कायमचे लिहून ठेवण्यास काहीच हरकत नाही.

बाईंनी त्याप्रमाणे केले. मुलगा वर्गात बसला. त्याने काही विचारले नाही, काही सांगितले नाही. पुढच्या आठवड्यात त्याने ते पुस्तक घरी नेण्यासाठी मागितले, आणि आईला वाचून दाखविले, एवढेच बाईंना नंतर कळले.

सर्वच पुस्तके द्यावीत असे मात्र मी म्हणत नाही. ‘सत्तर दिवस’ हे रवींद्र गुर्जर यांनी मराठीत आणलेले पुस्तक पुष्कळ मुले मोठ्यांच्या कपाटातून काढून वाचतात. ऑक्टोबर १९७२ मध्ये अँडीज पर्वतात कोसळलेल्या विमानातील पंचेचाळीस जणांपैकी सोळाजण बहात्तर दिवसांनी जिवंत परतले, त्याची ती हकीकत आहे. जगण्यासाठी त्यांना मृत सोबत्यांचे मांस खावे लागले. ही हकीकत खरी आणि मोठ्या धैर्याची आहे, परंतु सातवीच्या मुलाला ती एकट्याने वाचू देऊ नये. आणि केवळ किती मेले याची मोजदाद करणारी जी पुस्तके असतात, ती तर वयाचा प्रश्नही न काढता बाजूला ठेवावीत. पुस्तक हाती घेतले की मी एक गोष्ट पाहते. पहिल्या पन्नास पानांत त्यातले मूल स्वतः विचार करून एखादी कृती करते का? पाणी शोधते, कोणाला घास देते, चुकीच्या हुकमाला नकार देते? की नुसते पळते आणि लेखक त्याच्यामागे माणसे मारीत जातो? मोबाईलवरच्या ‘शेवटी उरेल तो जिंकला’ ह्या खेळांत आणि चांगल्या कथेत हाच भेद आहे. खेळात मेलेल्याला नाव नसते.

आता करावयाचे काय, ते थोडक्यात. ही पुस्तके प्रथम मोठ्याने वाचावीत. रोज वीस मिनिटे पुरतात, आणि ती शेवटच्या तासाला घ्यावीत. ऐन उत्कंठेच्या जागी थांबण्याची कला कीर्तनकारांना साधते तशी आपल्यालाही साधावी. पुस्तक एकच असले तरी अडत नाही. ‘किशोर’ मासिक १९७१ पासून बालभारती काढते, आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. त्यांत साहसकथा विपुल आहेत. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांच्या हाती, निघण्याच्या दिवशी एक पुस्तक द्यावे. ते परत येईल की नाही याची चिंता करू नये. हरवलेल्या पुस्तकाची नोंद कशी करावयाची ते मी पाहीन.

एका शाळेत, नाव सांगत नाही, सहावीच्या वर्गाला त्यांच्या शिक्षकांनी गणित घातले होते. गावाच्या टाकीत तीन दिवसांचे पाणी आहे आणि टँकर सहा दिवसांनी येणार आहे, तर वाटप कसे कराल? मुलांनी गट केले. माणशी किती घागरी, याचा हिशेब चालू असताना एक मुलगा उठून म्हणाला, ‘सर, म्हशी धरल्याच नाहीत.’ मग म्हशी धरल्या, शेळ्या धरल्या. बाळंतीण धरावी की नाही यावर वाद झाला, आणि मुलींनी ती धरायला लावली. शाळेची सुटी टळून गेली तरी कोणी उठले नाही. त्या शिक्षकांनी हे गणित एका कादंबरीतल्या बेटावरून रचले होते, हे मुलांना त्यांनी नंतर सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी पुस्तकासाठी रांग लागली.

पुढील शिक्षण परिषदेत प्रत्येक शाळेने आपल्या ग्रंथपेटीतील असे एक पुस्तक आणावे, त्यातली दोन पाने येथे वाचून दाखवावीत, आणि ते कोणत्या इयत्तेला वाचले व मुलांनी काय विचारले, ते लिहून आणावे. ज्यांच्या पेटीत असे एकही पुस्तक नसेल त्यांनी आज जाण्यापूर्वी केंद्रप्रमुखांकडे नाव द्यावे. माझ्याजवळच्या प्रती आज बरोबर आणल्या आहेत. ‘बनगरवाडी’च्या दोन आहेत आणि फास्टर फेणेची चार पुस्तके आहेत.